उभे आहात तोच फत्तेगड

फत्तेगडावर उभा राहून मी एका मावशींना विचारलं, “फत्तेगड कुठे आहे?”

त्या दारात बसून कोळंबी सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाठीवरच्या सॅककडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. “उभे आहात तोच,” म्हणाल्या आणि पुन्हा कोळंबीकडे वळल्या.

मी आजूबाजूला पाहिलं. दाटीवाटीची घरं, वाळत घातलेली जाळी, एका पत्र्यावर सुकणारी मासळी, गल्लीतून सायकल दामटणारी पोरं. ना बुरूज, ना दरवाजा, ना माहितीफलक. फोनमधला निळा ठिपका मात्र बरोबर फत्तेगडावर होता. किल्ला ओळखायला आपण जी चिन्हं शिकलोय त्यातलं एकही तिथे नव्हतं, म्हणून मला तो दिसलाच नाही.

हे ठिकाण म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं हर्णै. इथे समुद्रात सुवर्णदुर्ग आहे आणि त्याच्यासमोर किनाऱ्यावर गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड असे तीन छोटे किल्ले आहेत. हे तिन्ही किल्ले रमतगमत, फोटो काढत पाहिले तरी तासाभराची चाल. लोक हर्णैला येतात, होडीत बसून सुवर्णदुर्गावर जातात, परत येतात, बंदरावर मासळीचा लिलाव बघतात आणि निघतात. मीही पहिल्यांदा असंच केलं होतं. या लेखात मला त्या राहून गेलेल्या तासाभराच्या चालीबद्दल बोलायचं आहे. ती का राहून जाते, आणि राहून गेल्यामुळे आपण सुवर्णदुर्गाबद्दल जे बोलतो, लिहितो, दाखवतो ते कसं चुकतं, याबद्दल. ही टीका आहे आणि तिचा पहिला आरोपी मी स्वतः आहे.

माझी स्क्रिप्ट

मी नाशिकचा. सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो, शनिवार-रविवार गड चढतो. कॉलेजातल्या एका मित्रासोबत किल्ल्यांचे व्हिडिओ करतो. तो शूट आणि एडिट करतो, मी निवेदन लिहितो. ११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर रात्रभर साल्हेरचे फोटो पडत होते. साल्हेर आमच्या जिल्ह्यातला, बागलाणातला. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. त्याच यादीत सुवर्णदुर्गही आहे. आम्ही ठरवलं, बाराही किल्ल्यांवर एकेक व्हिडिओ करायचा. साल्हेर झाला, शिवनेरी झाला, मग सुवर्णदुर्ग.

होडीतून जाताना शूट केलेला तट, मागे ढोल, आणि माझं वाक्य: ‘शत्रूच्या हाती कधीच न लागलेला, सागरातला अजिंक्य दुर्ग.’ हे वाक्य मी कुठून आणलं ते मला आजही सांगता येणार नाही. कुठून आणलं नव्हतंच, ते हवेत होतं. असे पन्नास व्हिडिओ पाहिले की एकावन्नावा व्हिडिओ आपोआप लिहिला जातो. मी फक्त टाइप केलं.

व्हिडिओखाली ‘जय शिवराय’च्या रांगेत एक कमेंट आली. त्यात एकच आकडा आणि प्रश्नचिन्ह होतं: ‘१७५५?’

मला राग आला. मग मी शोधलं. मग राग गेला आणि लाज उरली. त्यानंतर मी पुन्हा हर्णैला गेलो, या वेळी होडीत न बसता.

तासाभराची चाल

सुरुवात गोवा किल्ल्यापासून केली. तो रस्त्यालगतच आहे, गाडी लावली की आत. तटबंदी बरीच शाबूत आहे. आत पाण्याचा हौद, जुन्या इमारतींची जोती, ब्रिटिशकालीन बांधकामाचे अवशेष, आणि पावसाळ्यानंतर कंबरभर गवत. चढ नाही, दम लागत नाही. ज्याला ‘ट्रेक’ म्हणतात त्यातलं काहीच नाही. पण समुद्राकडच्या तटावर उभं राहिलं की समोर अख्खा सुवर्णदुर्ग. आपण त्याला टेकडीवरून पाहावं तसं पाहतो. मधली खाडीसारखी पट्टी पाव मैलाची. होडीतून जाताना ती मोठी वाटते, तटावरून पाहताना लक्षात येतं की अठराव्या शतकातल्या तोफेला हे अंतर अजिबात अवघड नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथूनच कळते. सुवर्णदुर्गाचा मुख्य दरवाजा पूर्वेला आहे, म्हणजे किनाऱ्याकडे. पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती, ज्यांचे फोटो सगळे काढतात, ते त्याच दरवाजात आहेत. म्हणजे हा किल्ला समुद्राला पाठ आणि किनाऱ्याला तोंड करून बसला आहे. त्याची रसद, माणसं, कुमक, सगळं याच पट्टीतून येणार जाणार. पश्चिमेला अरबी समुद्राकडे त्याने खडक आणि तट उभा केलाय आणि पूर्वेला विश्वास ठेवलाय, या तीन छोट्या किल्ल्यांवर.

गोवा किल्ल्यातून बाहेर पडून रस्त्याने बंदराकडे निघालो. उजाडून फार वेळ झाला नव्हता. बर्फ फोडण्याचा आवाज, डिझेलचा आणि मासळीचा मिसळलेला वास. हर्णैच्या किनाऱ्यावर बैलगाड्या अजूनही पाण्यात उतरतात, होड्यांवरचा माल वाळूवर आणायला. बंदर ओलांडलं की कनकदुर्ग. समुद्रात घुसलेली एक चिंचोळी टेकडी, चढायला पायऱ्या, काळ्या दगडातला बुरूज, वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि दीपगृह. किल्ल्याचा किल्लेपणा इथे थोडाच उरलाय. पण नजर ठेवण्याचं त्याचं मूळ काम मात्र दीपगृहाने चालू ठेवलंय. वरून तीन बाजूंना पाणी, एका बाजूला होड्यांची गर्दी, आणि समोर पुन्हा सुवर्णदुर्ग, या वेळी वेगळ्या कोनातून. गोवा किल्ला आणि कनकदुर्ग यांच्यामधून कोणतंही जहाज आत शिरलं तर ते दोन्हीकडून दिसणार.

कनकदुर्गाला लागूनच फत्तेगड. तिथे काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच.

नाशिककडच्या माणसाला हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. साल्हेर बघताना आम्ही सालोटा धरतोच. मुल्हेर म्हटलं की मोरा आणि हरगड आलेच. अंकाई म्हटलं की टंकाई. आमच्या जिल्ह्यात किल्ला जोडीने येतो आणि त्याचं कारणही आम्हाला पाठ असतं: शेजारची टेकडी मोकळी सोडली तर शत्रू तिच्यावर तोफा चढवतो. १६६५ मध्ये दिलेरखानाने पुरंदरावर नेमकं हेच केलं. आधी वज्रगड घेतला, तिथून पुरंदरावर मारा केला, आणि पुढे पुरंदरचा तह झाला. हे आम्ही डोंगरात शिकलो. समुद्रात गेल्यावर विसरलो. सुवर्णदुर्ग पाण्यात एकटा दिसतो म्हणून तो एकटा आहे असं धरून चाललो. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर मी मुख्य सिस्टीम पाहिली आणि तिच्या डिपेंडन्सी तपासल्याच नाहीत.

एप्रिल १७५५

तर त्या कमेंटमधला आकडा.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले. त्यानंतर मुलांमध्ये वाद झाले आणि घराणं दोन ठिकाणी विभागलं: मानाजी कुलाब्याला, तुळाजी विजयदुर्गाला. सुवर्णदुर्ग तुळाजीकडे. तुळाजी आंग्रे हे प्रकरण सोपं नाही. आरमारी माणूस म्हणून तो जबर होता, पण पेशव्यांशी त्याचं पटत नव्हतं, शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होता आणि पुण्याचा हुकूम तो मानत नव्हता. मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. तुळाजीचं आरमार मोडायचं. समुद्रातून इंग्रज, जमिनीवरून पेशव्यांची फौज. कोकणातली पेशव्यांची बाजू रामाजी महादेव सांभाळत होते.

इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचं जहाज आणि आणखी काही जहाजं घेऊन हर्णैसमोर आला. तारीख २ एप्रिल. पुढचा तपशील मुख्यतः इंग्रजी वृत्तांतातून येतो, रॉबर्ट ऑर्मसारख्या कंपनीच्या इतिहासकाराकडून, हे लक्षात ठेवून वाचायला हवा. पहिल्या दिवशी जेम्सने पश्चिमेकडून, भर समुद्राच्या बाजूने मारा केला. खडकातल्या तटाला फारसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो जहाजं घेऊन बेट आणि किनारा यांच्यामधल्या पट्टीत शिरला. त्याच पाव मैलाच्या पट्टीत, जी मी गोवा किल्ल्याच्या तटावरून पाहत होतो. तिथून डागलेल्या तोफगोळ्याने किल्ल्यात आग लागली, आग दारूकोठारापर्यंत गेली आणि कोठार उडालं. बरीच शिबंदी होड्यांत बसून गोवा किल्ल्याकडे निघाली आणि वाटेत पकडली गेली. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांनीही शरणागतीचं निशाण दाखवलं.

याच वृत्तांतात पुढे एक प्रसंग येतो. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार तेव्हा किनाऱ्यावर होता. शरणागतीची बोलणी चाललेली असताना तो निवडक माणसं घेऊन गुपचूप पाणी ओलांडून परत जळक्या किल्ल्यात गेला. दाभोळकडून कुमक येईल आणि तोवर तग धरता येईल, ही त्याची आशा. शेवटी जेम्सच्या खलाशांनी उतरून कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला. कासव आणि मारुती असलेला दरवाजा. ठरल्याप्रमाणे पुढे किल्ला पेशव्यांकडे गेला आणि इंग्रजांना बाणकोट मिळालं.

आता या प्रसंगात खलनायक कोण ते सांगा. मला जमलेलं नाही. बेटावर मराठे आहेत, किनाऱ्यावर मराठे आहेत, आणि मधल्या पाण्यात इंग्रजांचं जहाज आहे. किनाऱ्यावरचे मराठे त्या जहाजाच्या बाजूने आहेत. तीन किल्ल्यांचं काम होतं त्या पट्टीत कोणाला शिरू न देणं. पण जमिनीवरूनच वेढा पडला असताना ते दोन्हीकडे कसे लढणार?

किल्ला कमजोर होता म्हणून गेला, असं मला वाटत नाही. त्याची रचना उत्तम होती. पण ती एका गृहीतकावर उभी होती: किनारा आपला आहे. ते गृहीतक १७५५ च्या मार्चमध्ये पुण्यात आणि मुंबईत एका कागदावर मोडलं. तोफा नंतर आल्या.

कोण काय आठवतं

लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावर झाडीत एक त्रिकोणी मनोरा आहे, साधारण ६३ फूट उंच. नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. मोठ्याने म्हणून बघा: सेव्हर्नड्रूग. सुवर्णदुर्ग. विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला, आणि त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये त्याच्या आठवणीसाठी हा मनोरा बांधून घेतला. रिचर्ड जप नावाच्या वास्तुविशारदाने तो रचला. मनोऱ्यावरच्या शिलालेखात २ एप्रिल १७५५ चा विजय आहे, जेम्सचं शौर्य आहे, आणि किल्ला मलबार किनाऱ्यावर असल्याचं लिहिलंय, कारण तेव्हाचे इंग्रज सगळ्याच पश्चिम किनाऱ्याला तसं म्हणत. आज तो मनोरा नीट दुरुस्त केलेला आहे, लोक वर जाऊन लंडन बघतात.

त्या शिलालेखाच्या सांगण्यात पेशवे नाहीत. एका वीराने एका समुद्री चाच्याचा किल्ला एका दिवसात घेतला, एवढंच. आपल्याला याचा राग येतो आणि यायलाच हवा, आंग्र्यांना चाचे म्हणणं ही कंपनीची सोय होती. स्वतःच्या किनाऱ्यावर दस्तक मागणारा सरखेल आणि ते न घेता फिरणारी परकी जहाजं, यातलं कायद्याबाहेरचं कोण हा प्रश्न त्यांनी शब्दातच मिटवून टाकला.

पण मग माझी स्क्रिप्ट शेजारी ठेवा. तीही एका दिवसाची गोष्ट पुसते, फक्त उलट्या बाजूने. शूटर्स हिलच्या दगडातून पेशवे गायब आहेत, माझ्या व्हिडिओतून अख्खं १७५५ गायब आहे. त्यांना जिंकलेला किल्ला हवा होता, मला अजिंक्य किल्ला हवा होता. दोघांनाही किनाऱ्यावरचे तीन किल्ले नको होते, कारण ते आले की गोष्ट गुंतागुंतीची होते. फरक असलाच तर इतका की त्यांनी निदान तारीख बरोबर कोरली.

मराठीत किल्ल्यांवर कमी लिहिलं गेलंय असं कोणी म्हणू शकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिं. गं. गोगट्यांनी ‘महाराष्ट्र देशातील किल्ले’ लिहिलं. पुढे गो. नी. दांडेकरांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना घराबाहेर काढलं. मीही त्यातलाच, माझ्या पहिल्या ट्रेकच्या आधी बाबांनी हातात ‘दुर्गभ्रमणगाथा’ ठेवली होती. पण या सगळ्या लेखनाचा मुख्य ठोका चढण्याचा आहे. पायथा, दम, माची, बालेकिल्ला, माथ्यावरचा वारा. सह्याद्रीला तो शोभतो, कारण तिथे किल्ला कळतो तो पायांतून. हर्णैला हा ठोका चुकतो. इथे चढ नाही, शिखर नाही, ‘सर केला’ म्हणावं असं काही नाही. इथे आडवं चालावं लागतं आणि एका जागेवरून दुसरीकडे बघावं लागतं. आपल्या दुर्गलेखनाकडे आडव्या नजरेची भाषा कमी आहे, आणि व्हिडिओवाल्यांनी तर ड्रोन घेऊन ती उरलीसुरलीही सोडली. ड्रोन वरून बेट दाखवतो. बेटाभोवती निळं पाणी असतं आणि फ्रेम तिथेच संपते. किनारा फ्रेमच्या बाहेर राहतो.

समुद्राबद्दल तर आणखीच. कान्होजींवरचं मराठीत सगळ्यात जास्त वाचलं गेलेल्या पुस्तकांपैकी एक म्हणजे मनोहर माळगावकरांच्या इंग्रजी पुस्तकाचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला अनुवाद. अनुवाद असण्यात कमीपणा नाही, उलट पुलंना तो करावासा वाटला हे महत्त्वाचं. पण आपल्या सगळ्यात मोठ्या दर्यावर्दीची गोष्ट आपल्या घरात इंग्रजीतून फिरून आली, यावरून मराठी लेखकांची नजर किती काळ घाटमाथ्यावरच होती ते कळतं.

ज्यांना माहीत होतं

‘त्या काळी कोणाला कळणार होतं’ असं म्हणून १७५५ सोडून देता येत नाही. साधारण १७१५ च्या सुमाराला लिहिलेलं रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ आहे. त्यात किल्ल्यांवर प्रकरण आहे, आरमारावर वेगळं प्रकरण आहे, आणि टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, स्पष्ट सावधगिरी आहे. अमात्य सांगतात ते थोडक्यात असं: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे राजे आहेत, यांना जागेचा लोभ आहे. वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीच्या तोंडाशी, समुद्रकिनारी देऊ नये, आत मुलखात द्यावी.

या सल्ल्यानंतर चाळीस वर्षांनी इंग्रजांना जे बाणकोट मिळालं ते कुठे आहे? सावित्री नदीच्या मुखाशी. खाडीच्या तोंडाशी, समुद्रकिनारी. इंग्रजांनी तिथल्या किल्ल्याचं नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवलं.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजीचं आरमार तिथे जळालं. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिला. मराठ्यांचं आरमार तिथेच संपलं असंही सरसकट म्हणता येत नाही. पेशव्यांनी विजयदुर्गाला आपला आरमारी सुभा उभा केला, आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं. पण मुंबईच्या जहाजांना पूर्वी वाटणारी धास्ती पुन्हा तशी उभी राहिली नाही.

आणि सुवर्णदुर्गाच्या वाट्याला आणखी एक दिवस यायचा होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्यातून पळाला, महाडमार्गे कोकणात उतरला आणि सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला. तिथून समुद्रमार्गे वसईला, इंग्रजांच्या आसऱ्याला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. म्हणजे ज्या पट्टीत १७५५ मध्ये नानासाहेबांच्या संमतीने इंग्रज शिरले, त्याच किनाऱ्यावरून सत्तेचाळीस वर्षांनी त्यांचा पुतण्या इंग्रजांकडे गेला. मी हे जोडून फार मोठा सिद्धान्त मांडत नाही. मधे पानिपत आहे, बारभाई आहेत, बरंच काही आहे. पण एका किल्ल्याच्या व्हिडिओत हे दोन दिवस नसतील तर त्या व्हिडिओत किल्ला नाही, फक्त दगड आहेत.

यादीत नसलेली घरं

युनेस्कोच्या नोंदीचं नाव मला आवडतं: ‘मराठ्यांचे सैनिकी भूप्रदेश’. किल्ले म्हटलेलं नाही, भूप्रदेश म्हटलंय. म्हणजे दगडी वास्तू एकटी पाहू नका, तिच्याभोवतीचा डोंगर, खाडी, किनारा यांच्यासकट पाहा. कल्पना म्हणून हे नेमकं आहे. पण यादीत हर्णैतून नाव एकट्या सुवर्णदुर्गाचं आहे, आणि आपण यादी वाचतो, कल्पना वाचत नाही. बाराचा आकडा झाला, बारा टिक झाल्या. आमचीही मालिका तशीच चालली होती.

आणि मला खरी काळजी फत्तेगडाची वाटते. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने किल्ल्यांवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी जिल्हावार समित्या नेमल्या. अनेक ठिकाणी त्याची गरजही आहे, मी स्वतः तटाला टेकवलेली बांधकामं पाहिली आहेत. पण ‘अतिक्रमण’ हा शब्द ग्रुपवर ज्या वेगाने फिरतो त्याची मला भीती वाटते. त्या वेगाला गडावर बळकावलेली जागा आणि गडावर वसलेलं गाव यातला फरक दिसत नाही. फत्तेगडावर जे आहे ते गाव आहे. कोळ्यांचं गाव. ज्या समाजाच्या हातांवर हे सगळं आरमार चाललं, कोळी, भंडारी, गाबीत, दालदी, त्यांच्यातल्याच कोणाची तरी घरं आज त्या टेकडीवर आहेत. किल्ल्याचा दगड गेला असेल. पण इथली माणसं भरती-ओहोटी बघून, त्याच पट्टीतून, रोज होडी काढतात. सुवर्णदुर्गावर माझ्यासारख्या पर्यटकाला पोचवणारी होडीही इथलीच.

मग चार किल्ल्यांपैकी सगळ्यात जिवंत कुठला? सुवर्णदुर्गावर आत झाडोरा आणि पडके वाडे. गोवा किल्ल्यात गवत. कनकदुर्गावर दिवा. आणि फत्तेगडावर संध्याकाळचा स्वयंपाक. माझ्या फोनला हा किल्ला ‘अवशेष नाहीत’ म्हणून दिसतो. जुन्या-नव्या बहुतेक माहितीपानांवरही त्याच्याबद्दल साधारण एवढंच असतं: वस्ती झाली आहे, पाहण्यासारखं काही नाही. पाहण्यासारखं काही नाही, हे वाक्य लिहिणाऱ्याबद्दल जास्त सांगतं.

मावशींशी नंतर थोडं बोलणं झालं. मी विचारलं, किल्ल्यावर राहतो असं वाटतं का कधी? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, “वादळात इथं वर असलेलं बरं. पाणी येत नाय.” किल्ला कशासाठी उंचावर बांधतात याचं याहून साधं उत्तर मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

दुसरी स्क्रिप्ट

परत आल्यावर मी नवी स्क्रिप्ट लिहिली. ती होडीने सुरू होत नाही. गोवा किल्ल्याच्या तटावरून सुरू होते, कनकदुर्गाच्या पायऱ्या चढते, फत्तेगडाच्या गल्लीतून जाते. सुवर्णदुर्ग पूर्ण वेळ समोर दिसतो पण आपण तिथे जात नाही. १७५५ आहे, रामाजी महादेवांचं नाव आहे, परत पाणी ओलांडून जाणारा तो किल्लेदार आहे. त्याचं नाव मी दिलेलं नाही. शूटर्स हिलचा मनोरा शेवटी येतो. ‘अजिंक्य’ हा शब्द नाही.

मित्राने वाचली. म्हणाला, “खरं आहे रे, पण हरलेला किल्ला कोण बघणार? आणि त्यात आपणच आपल्या विरोधात. कमेंटमध्ये फाडून खातील.” त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्याने मला दुसरा प्रश्न विचारला, जो जास्त टोचला: “आणि आपला जुना व्हिडिओ? तो काढायचा का?”

मी म्हटलं, नको. तो राहू दे. त्याच्याखाली त्या माणसाची कमेंट पिन कर.

ती आता सगळ्यात वर आहे. ‘१७५५?’ खाली काही जणांनी विचारलंय, म्हणजे काय? काहींनी मला शिव्या दिल्यात. एकाने लिहिलंय की तो पुढच्या महिन्यात हर्णैला चाललाय, काय बघू? त्याला मी एवढंच सांगितलं: होडीत बसायच्या आधी गोवा किल्ल्याच्या तटावर दहा मिनिटं उभा राहा. मग बंदरातून चालत जा. फत्तेगड शोधू नकोस, तिथे पोचलास की कोणालाही विचार.

नवा व्हिडिओ अजून अपलोड झालेला नाही. मित्र म्हणतोय, सुवर्णदुर्गाचा एखादा तरी ड्रोन शॉट हवाच. आमचं त्यावर भांडण चालू आहे.